सामाईक फंक्शनची छाननी : संगणक-प्रणालीच्या गाभ्यातील एक उदाहरण

संगणक असो वा भ्रमणध्वनी, त्याच्या अंतर्भागात अनेक उपकरणे एकत्र नांदत असतात. पडदा, कळफलक, साठवणुकीची चकती, जाळ्याशी जोडणारे यंत्र, ध्वनियंत्र, घड्याळ या प्रत्येकाची रचना निराळी, प्रत्येकाशी बोलण्याची भाषा निराळी. या सर्वांना कामास लावण्याची जबाबदारी कार्यकारी प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजेच कर्नेलकडे असते. आणि विशिष्ट उपकरणाची भाषा जाणणारा गाभ्यातील जो भाग, त्यास ड्रायव्हर असे म्हणतात.

या क्षेत्रातील सर्वांत मोठा सार्वजनिक प्रकल्प म्हणजे लिनक्स होय. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये त्याचा आरंभ केला. आज अँड्रॉइड प्रणालीवर चालणाऱ्या प्रत्येक भ्रमणध्वनीचा गाभा हाच आहे. सबब गावोगावच्या शिक्षकांच्या व ग्रामपंचायत सदस्यांच्या खिशातही तो पोहोचलेला आहे. त्याच्या आज्ञावलीच्या ओळींची संख्या तीन कोटींच्या पुढे गेली असून त्यांतील निम्म्याहून अधिक ओळी एकट्या ड्रायव्हरांच्या आहेत. हे ड्रायव्हर लिहिणारे लोक जगभर विखुरलेले, निरनिराळ्या कंपन्यांत नोकरीस असलेले वा स्वेच्छेने काम करणारे असे आहेत. त्यांचे लेखन कोणीतरी वाचून, शंका विचारून, दुरुस्त करवून घेतल्यावाचून गाभ्यात प्रविष्ट होत नाही. या वाचनास छाननी हाच शब्द योग्य ठरेल.

मोठ्या बदलाची छाननी काळजीपूर्वक होते, हे सहज समजण्याजोगे आहे. परंतु दहा-पंधरा ओळींच्या एखाद्या साहाय्यक फंक्शनची छाननी अधिक काटेकोरपणे का करावी लागते, हे पटकन ध्यानात येत नाही. ते पाहण्यासाठी येथे एकाच फंक्शनच्या कुळाचा इतिहास घेतला आहे.

तीन पायऱ्यांचे काम

उपकरण सुरू होताना ड्रायव्हरला प्रथम एक ठराविक काम करावे लागते. उपकरणाच्या अंगी नियंत्रणाचे काही कप्पे असतात. एका कप्प्यात विशिष्ट आकडा लिहिला की उपकरण जागे होते, दुसऱ्यातील आकडा वाचला की त्याची स्थिती कळते. हे कप्पे स्मृतीच्या पत्त्यांप्रमाणेच एका ठराविक पत्त्यावर वसलेले असतात. तेथवर पोहोचण्यासाठी तीन पायऱ्या चढाव्या लागतात. या उपकरणाचे कप्पे कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंत आहेत, हे विचारणे ही पहिली. तो टापू आपल्या नावे राखून घेणे ही दुसरी. आणि गाभ्याला वाचता-लिहिता येईल अशा रीतीने त्या टापूची जोडणी करून घेणे ही तिसरी.

शासकीय विश्रामगृहाचे उदाहरण येथे चपखल बसते. कोणती खोली मिळणार ते विचारावे, नोंदवहीत आपले नाव लिहावे आणि मग किल्ली घ्यावी. गाभ्यातही अशी नोंदवही खरोखरच असते. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात 'प्रॉक' या विभागातील 'आयओमेम' नावाची फाईल उघडली असता कोणता टापू कोणाच्या नावे राखलेला आहे याची यादी दिसते. संगणक शिकविणाऱ्या शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावी. मात्र प्रशासकाचे अधिकार नसलेल्या वापरकर्त्यास पत्त्यांच्या जागी बहुधा नुसती शून्येच दिसतात.

या तीन पायऱ्यांत मेख अशी की, तिसरी पायरी फसली तर दुसरीवर केलेली नोंद खोडणे आवश्यक असते. अन्यथा खोली रिकामी असूनही नोंदवहीत भरलेली दिसते. जुन्या ड्रायव्हरांत ही परतीची वाट प्रत्येक लेखक आपापल्या परीने लिहीत असे आणि पुष्कळदा विसरत असे. उपकरण सुरळीत चालू असेतो ही विस्मृती उघडकीस येत नाही, कारण परतीच्या वाटेवर कोणी जातच नाही. २००७ मध्ये तेजुन हेओ यांनी यावर एक व्यवस्था आणली. ड्रायव्हरने घेतलेली प्रत्येक वस्तू त्या उपकरणाच्या खाती मांडून ठेवायची, आणि सुरुवात फसली किंवा ड्रायव्हर दूर झाला की गाभ्यानेच ती उलट्या क्रमाने परत घ्यायची. या व्यवस्थेत मोडणाऱ्या फंक्शनांच्या नावाआधी 'डेव्हएम' हा उपसर्ग लावतात.

नामंजुरीचे कारण

ही व्यवस्था रुळल्यावर राखण आणि जोडणी या दोन पायऱ्या एकत्र करणारे साहाय्यक फंक्शन निघणे क्रमप्राप्त होते. ते २०११ मध्ये आले. त्याचे नाव 'डेव्हएम-रिक्वेस्ट-अँड-आयओरीमॅप'. काम फत्ते झाल्यास ते जोडलेला पत्ता परत देई, फसल्यास रिकामा पत्ता, म्हणजे 'नल', देई. फंक्शन सोयीचे होते, अल्पावधीत अनेक ड्रायव्हरांनी ते स्वीकारले.

त्यातील उणीव मात्र थोड्याच काळात जाणवू लागली. आत तीन निरनिराळ्या रीतींनी अपयश येऊ शकते : मागणीच चुकीची असू शकते, टापू दुसऱ्याच्या नावे राखलेला असू शकतो, किंवा जोडणीस स्मृती अपुरी पडू शकते. तिन्ही बाबतींत बाहेर मिळणारे उत्तर एकच, 'नल'. अर्जावर केवळ 'नामंजूर' असा शिक्का मारून तो परत पाठवावा आणि कारण लिहू नये, तसाच हा प्रकार. गाभ्याच्या पद्धतीप्रमाणे ड्रायव्हरने आपल्या वरिष्ठ स्तरास त्रुटीचा विशिष्ट अंक कळवावा लागतो. कारणच ठाऊक नसल्याने ड्रायव्हर-लेखक अंदाजाने अंक ठरवीत. फंक्शनसोबतच्या टिपणात कोणता अंक कळवावा याची सूचना होती. पण ती पाळली जाणे लेखकाच्या मर्जीवर होते. परिणामी एकाच कारणासाठी निरनिराळे ड्रायव्हर निरनिराळे अंक कळवू लागले, आणि दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने त्या अंकांस काही अर्थ उरला नाही.

२०१३ च्या आरंभी थिएरी रेडिंग यांनी याच कामासाठी नवे फंक्शन मांडले : 'डेव्हएम-आयओरीमॅप-रिसोर्स'. आतील पायऱ्या त्याच. बदलले ते उत्तर. मागणी चुकीची असल्यास उणे २२, टापू राखीव असल्यास उणे १६, स्मृती अपुरी असल्यास उणे १२ असे निश्चित अंक आता फंक्शन स्वतःच देते, आणि ड्रायव्हरने तोच अंक जसाच्या तसा वर पाठवायचा असतो. त्रुटीचा संदेशही फंक्शनच नोंदविते, त्यामुळे प्रत्येक ड्रायव्हरने आपापल्या शब्दांत तो लिहिण्याचे प्रयोजन राहिले नाही.

पत्ता देणारे फंक्शन अंक कसा देते, असा प्रश्न येथे उद्भवेल. गाभ्यात पत्त्यांच्या अगदी शेवटच्या टोकाचे ४,०९५ आकडे कोणत्याही खऱ्या वस्तूसाठी वापरले जात नाहीत. उणे १६ हा अंक पत्ता म्हणून लिहिला तर तो या पट्ट्यात पडतो. सबब उत्तर या पट्ट्यातील असेल तर ती त्रुटी, अन्यथा खरा पत्ता, असा संकेत ठरलेला आहे आणि तो तपासण्यासाठी स्वतंत्र फंक्शनही आहे.

या संकेतामुळेच छाननीकाराचे काम वाढले. जुन्या फंक्शनच्या वापरात ड्रायव्हर 'उत्तर रिकामे आहे काय?' एवढेच विचारीत असे. नवे फंक्शन बसवून प्रश्न मात्र जुनाच ठेवला, तर काय घडते ते पाहावे. फंक्शन उणे १६ देते. ते रिकामे नाही. ड्रायव्हर त्यास खरा पत्ता समजतो आणि त्यावर वाचावयास जातो. तेथे काहीच नसते. गाभा तेथेच गंभीर दोष नोंदवितो आणि यंत्र सुरू होता होताच अडखळते. ज्या प्रसंगी ड्रायव्हरने 'हे उपकरण मिळाले नाही' एवढे नम्रपणे सांगून बाजूस व्हावयाचे, त्या प्रसंगी सबंध यंत्र अडचणीत येते. भाषांतरक यंत्रणेला, म्हणजे कंपायलरला, यात काहीच वावगे दिसत नाही, कारण दोन्ही उत्तरे पत्त्याच्याच रूपात आहेत. चाचणीतही हा दोष सापडत नाही. परीक्षकाच्या मेजावरील उपकरण नीट चालतच असते. याच तऱ्हेच्या चुका हुडकण्यासाठी 'स्मॅच' नावाचे तपासणी-साधन वापरले जाते, व त्याने असे दोष पुष्कळ वेळा दाखवून दिले आहेत. परंतु साधनाने दाखविण्यापूर्वी वाचणाऱ्याच्या डोळ्यांस ते दिसणे केव्हाही श्रेयस्कर.

म्हणूनच अशा फंक्शनची छाननी करणारा जाणकार आतील दहा ओळी वाचून थांबत नाही. फंक्शनला हाक मारणारे किती आहेत, ते उत्तराचा अर्थ काय लावतात आणि जुन्या व नव्या अर्थांची सरमिसळ कोठे होईल, हे तो पाहतो. २०१३ च्या बदलात या दृष्टीने एक शहाणपण होते. जुने फंक्शन तत्काळ काढून टाकले नाही, अथवा त्याच नावाखाली नवा अर्थही भरला नाही. नव्या अर्थास नवे नाव दिले. जुने फंक्शन आतून नव्यालाच हाक मारून, त्रुटी आली तर पूर्वीप्रमाणे 'नल' देत राहिले. ड्रायव्हर एकेक करून नव्याकडे वळविले गेले आणि कोणी वापरणारा उरला नाही तेव्हाच जुने नाहीसे झाले. नाव तेच ठेवून अर्थ बदलला असता तर जुन्या अर्थाने लिहिलेला प्रत्येक ड्रायव्हर एका रात्रीत चुकीचा ठरला असता, आणि जे ड्रायव्हर गाभ्याबाहेर कोणाच्या कपाटात पडून आहेत त्यांना तर ते कळलेही नसते.

नोंदवहीचा प्रश्न

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. काही ड्रायव्हर पूर्वी नोंद न करताच केवळ जोडणी करीत असत; म्हणजे नोंदवहीत नाव न लिहिता परभारे किल्ली घेत. त्यासाठी वेगळे, साधे फंक्शन आहे आणि ते आजही उपलब्ध आहे. 'नवे फंक्शन चांगले, दोन ओळी वाचतात' अशा समजुतीने एखादा सुधारक ते साधे फंक्शन काढून तेथे राखण करणारे फंक्शन घालतो. बदल निव्वळ स्वच्छतेचा वाटतो. पण काही यंत्रांत दोन ड्रायव्हरांना एकाच टापूतील कप्पे वापरावे लागतात. विश्रामगृहाच्या एकाच खोलीत दोन अधिकारी वर्षानुवर्षे समजुतीने राहात असावेत आणि नोंद कोणाचीच नसावी, तशी ही स्थिती. आता पहिल्याने नाव नोंदविले की दुसऱ्याला खोली नाकारली जाते. उणे १६ हा अंक येतो आणि काल चालणारे उपकरण आज चालेनासे होते.

दोष कोणाचा, याविषयी तज्ज्ञांत दुमत होऊ शकेल. नोंदीशिवाय वापर करणे मुळातच गैर, असे एक पक्ष म्हणेल. त्यात तथ्य आहे. परंतु ज्याच्या घरचे यंत्र बंद पडले त्यास या तात्त्विक निवाड्याचा उपयोग नाही, आणि वापरणाऱ्याचे चालू काम मोडता कामा नये हा लिनक्स प्रकल्पाचा जुना दंडक आहे. सबब असा बदल समोर आला असता छाननीकाराने विचारावयाचा पहिला प्रश्न 'हे खऱ्या उपकरणावर चालवून पाहिले आहे काय?' हाच असतो. पुष्कळदा उत्तर नकारार्थी येते, केवळ भाषांतर होते एवढेच पाहिलेले असते.

तिसरी बाब लहान आहे. नवे फंक्शन मागणी रिकामी असली तरी स्वतः तपासते, त्यामुळे ड्रायव्हरने ती आधी तपासण्याची गरज नसते. म्हणून ती जादा तपासणी काढून टाकण्याचे बदल येतात व ते बहुतेक योग्यच असतात. मात्र तपासणी आणि फंक्शन यांच्या दरम्यान एखाद्या ओळीत ड्रायव्हरने त्याच मागणीतील आरंभीचा पत्ता वाचलेला असेल, तर काढलेली तपासणी जादा नव्हती, तीच संरक्षक भिंत होती. बदलाच्या मसुद्यात मूळ आज्ञावलीच्या मोजक्याच ओळी दिसतात. मधली ओळ त्याबाहेर राहिली तर मसुदा निर्दोष भासतो. मूळ फाईल उघडून वाचणे हाच यावर उपाय.

संदेश कोणी द्यावा, हा प्रश्नही असाच बाहेरून क्षुल्लक वाटतो. २०१९ मध्ये दुसऱ्या एका सामाईक फंक्शनात, म्हणजे उपकरणाची लक्ष वेधणारी तार कोणती ते सांगणाऱ्या 'प्लॅटफॉर्म-गेट-आयआरक्यू' या फंक्शनात, अपयशाचा संदेश आतच नोंदविण्याची सोय केली गेली. शेकडो ड्रायव्हरांतील तेच ते संदेश त्यामुळे काढता आले. परंतु काही उपकरणांना अशी तार असलीच पाहिजे असे नाही. नसली तरी ती चालतात. अशा यंत्रांवर आता काही बिघडले नसताना त्रुटीचे संदेश उमटू लागले. त्याच वर्षी 'ऐच्छिक' असे विशेषण नावात जोडलेले, संदेश न देणारे भावंड तयार करावे लागले. विचारणाऱ्याच्या दृष्टीने नकार हा दोष आहे की नाही, हे आतील फंक्शनला ठाऊक नसते.

दोन ओळींची बचत आणि तिची किंमत

याच कुळातील पुढची पायरी २०१९ च्या मे महिन्यात लिनक्सच्या ५.१ या आवृत्तीबरोबर आली. पत्ता विचारणे आणि २०१३ चे फंक्शन वापरणे ही जोडी गाभ्यात बाराशेहून अधिक ठिकाणी लागोपाठ येते, असे बार्टोश गोलाशेव्स्की यांनी आपल्या प्रस्तावात दाखवून दिले आणि दोहोंस एकत्र गुंफणारे 'डेव्हएम-प्लॅटफॉर्म-आयओरीमॅप-रिसोर्स' हे फंक्शन मांडले. तीनही पायऱ्या आता एका ओळीत येतात. प्रस्तावाबरोबर मोजणी दिलेली असणे ही छाननीस फार मोठी मदत होय. सामाईक फंक्शन खरोखरच सामाईक आहे की एकाच्याच सोयीचे, हे त्यावरून ठरते. ज्या ड्रायव्हरांना टापूचा तपशील पुढेही लागतो त्यांच्यासाठी तो तपशील परत देणारे आणखी एक फंक्शन २०२० मध्ये जोडले गेले. त्यापूर्वी अशा ठिकाणी नवे फंक्शन बसविणे शक्यच नव्हते, आणि न पाहता बसविणारे तेथेच चुकत.

फंक्शन निर्दोष होते. अडचण निराळ्याच दिशेने आली. कोणत्या ड्रायव्हरात ही जोडी आहे ते शोधून बदलाचा मसुदा आपोआप तयार करून देणारी एक छोटी आज्ञावली गाभ्याच्या भांडारात ठेवण्यात आली होती. 'कॉक्सिनेल' या फ्रान्समध्ये विकसित झालेल्या उपयुक्त साधनासाठी ती लिहिलेली होती. ती चालवावी, निघालेले मसुदे पाठवावेत, असा क्रम सुरू झाला. अनेक मसुदे अशा जुन्या ड्रायव्हरांचे होते, की ज्यांची उपकरणे आता क्वचितच कोणाकडे असतील. काही महिन्यांत साडेपाचशेहून अधिक मसुदे आले आणि त्यांतील काही उघड उघड चुकीचे होते.

प्रत्येक मसुद्यामागे एक वाचणारा लागतो. गाभ्याच्या प्रत्येक विभागास देखभालकर्ते नेमलेले असतात. त्यांची नावे 'मेंटेनर्स' या फाईलमध्ये प्रसिद्ध असतात. छाननी केल्याबद्दल जो आपले नाव लिहितो, तो चार गोष्टींची ग्वाही देतो : बदल तांत्रिक दृष्ट्या तपासला आहे, आढळलेल्या शंका लेखकास कळविल्या आहेत, बदल घेण्याजोगा आहे आणि त्यात ज्ञात असा गंभीर दोष नाही. तो पुढे कधीही बिघडणार नाही अशी हमी मात्र त्यात अभिप्रेत नसते, आणि हेही प्रकल्पाच्या लेखी नियमांत स्पष्ट नमूद आहे. साडेपाचशे मसुदे म्हणजे साडेपाचशे वेळा ही ग्वाही. प्रत्येक ठिकाणी मिळकत दोन ओळींची. आणि प्रत्येक ठिकाणी वर सांगितलेले सापळे पुन्हा नव्याने तपासणे भाग. घाईने सही करणारा छाननीकार आणि न वाचता मसुदा पाठविणारा लेखक एकत्र आले की बिघाड गाभ्यात शिरण्यास आडकाठी उरत नाही.

२०१९ च्या उत्तरार्धात एका देखभालकर्त्याने नेमका हाच हिशेब मांडला. नव्या ड्रायव्हरांसाठी फंक्शन उपयुक्त आहे, पण जुन्यांत ते घुसविण्याचा लाभ दोन ओळींचा आणि छाननीचा भार प्रचंड आहे, असे कारण देऊन मसुदे निर्माण करणारी ती आज्ञावलीच भांडारातून काढून टाकण्याचा प्रस्ताव त्याने ठेवला. तो स्वीकारला गेला. फंक्शन गाभ्यात कायम आहे आणि नवा ड्रायव्हर लिहिणारे ते सर्रास वापरतात. जुन्या ड्रायव्हरातील बदल आजही घेतले जातात. पण त्या उपकरणाचा जाणकार दुसऱ्या कामानिमित्ताने ती फाईल हाताळत असेल, तेव्हा ते अधिक सहजपणे मान्य होतात.